गाडी रात्री कुठे उभी राहते?

वाचकांचे प्रश्न : परवडणारी इलेक्ट्रिक गाडी घेण्याआधी

(उत्तरं देणाऱ्या ताई वीज वितरणातून अभियंता म्हणून निवृत्त झाल्या आहेत. साताऱ्यात राहतात आणि गेली तीन वर्षं स्वतः इलेक्ट्रिक गाडी चालवतात. पत्रलेखकांची नावं त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.)

सुरुवातीलाच एक सांगून टाकते. माझ्याकडे कुठल्या कंपनीची गाडी आहे, ते या सदरात मी लिहीत नाही. मागे एकदा बोलून गेले, तर पुढचा महिनाभर "ताईंची तीच आमची" अशी पत्रं आली. माझी गाडी माझ्या अंगणाला आणि माझ्या गुडघ्यांना साजेशी आहे. तुमचं अंगण वेगळं, गुडघे वेगळे.

दुसरं म्हणजे 'किलोवॅट-अवर' या शब्दाला बिचकू नका. वीजबिलात ज्याला आपण युनिट म्हणतो, तेच ते. २४ किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे २४ युनिटं मावणारी टाकी. खाली मी सगळीकडे युनिटच लिहिलंय.

*

ताई, मी कराडला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा पाटणच्या बाजूला ३१ किलोमीटरवर. घर स्वतःचं, पोर्चमध्ये एक गाडी राहते. महिन्यातून एकदा चिपळूणला माहेरी जाणं असतं, कुंभार्ली घाटातून, दोन मुलं आणि सामान घेऊन. बजेट रस्त्यावर येईपर्यंत अकरा लाख, फार तर थोडं वर. टाटाच्या टियागो ईव्ही आणि पंच ईव्ही, आणि एमजीची कॉमेट अशा तीन गाड्यांवर आलोय. मिस्टर म्हणतात सिट्रोएनची ई-सी३ पण बघू. तक्ता करून करून डोकं फिरलंय. कुठली घेऊ?
— एक शिक्षिका, कराड

बाई, तुमचं पत्र मला आवडलं, कारण त्यात ३१ हा आकडा आहे. निम्मी पत्रं "रेंज किती मिळेल" असं विचारतात, पण जायचं कुठे आहे ते सांगतच नाहीत.

तुमचा तक्ता बाजूला ठेवा. त्यात डॅशबोर्डचा स्क्रीन किती इंचाचा, गाणी कशी वाजतात, हे सगळं असणार. आपण दुसरा तक्ता करू. रोजचे ६२ किलोमीटर. महिन्यातून एकदा जाताना शंभर, येताना शंभर. आणि येताना घाट चढायचा.

आधी कंपनीच्या रेंजचं बघू. टियागो ईव्ही २०२२ मध्ये आली तेव्हा १९.२ युनिटांच्या बॅटरीला २५० आणि २४ युनिटांच्या बॅटरीला ३१५ किलोमीटर सांगितले होते. कॉमेट २०२३ मध्ये आली, साधारण १७ युनिटांची, दावा २३० चा. पंच ईव्ही जानेवारी २०२४ ची. २५ युनिटांवर ३१५ आणि ३५ युनिटांवर ४२१. हे आकडे खोटे नाहीत, पण ते प्रयोगशाळेतल्या रोलरवरचे आहेत. तिथे खड्डा नाही, एसी नाही, आणि मागच्या सीटवर "आई, अजून किती वेळ" म्हणणारं कुणी नाही. मी सरळ दोन तृतीयांश धरते. म्हणजे छोट्या टियागोचे १६५ च्या आसपास, मोठीचे २०० च्या जवळपास, छोट्या पंचचेही २०० च्याच आसपास, कॉमेटचे दीडशे. पेपरात परीक्षण लिहिणाऱ्याला जास्त मिळाले असतील. त्याला शाळेत दहाला पोचायचं नव्हतं.

रोजच्या ६२ ला यातली कुठलीही गाडी पुरते. रात्री प्लग लावला की साधे १५ अँपिअरचे चार्जर ताशी तीन युनिटं भरतात. तुमचे दिवसाचे आठ-नऊ युनिटं झोपेत तीन तासांत भरून होतील. त्यामुळे खरा प्रश्न शाळेचा नाहीच, चिपळूणचा आहे.

आता घाटाचं गणित करू. हे मला नोकरीत रोज करावं लागायचं, फक्त गाडीऐवजी पाणी असायचं. चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीला. कोयनानगर, कराड सहाशे मीटरच्या आसपास. गाडी, तुम्ही चौघं आणि सामान मिळून साडेचौदाशे किलो धरले, तर ते ओझं तेवढं वर उचलायला अडीच युनिटं निव्वळ लागतात. मोटारीतली घट धरून तीन म्हणा. सपाटीवर एका युनिटाला आठ किलोमीटर पडले तर शंभर किलोमीटरला साडेबारा. बेरीज साडेपंधरा. छोट्या टियागोत १९ मधून साडेपंधरा गेले की कराडच्या वेशीवर पोचताना वीस टक्क्यांच्याही खाली असाल. जुलैतल्या धुक्यात, काचेवरची वाफ घालवायला एसी चालू, पुढे उसाची ट्रॉली, अशा वेळी वीस टक्के बघवत नाहीत. मला माहीत आहे. मोठ्या टियागोत तिसरा हिस्सा शिल्लक राहतो.

जाताना उलटं. उतारावर मोटार जनित्र होते आणि चढताना घातलेल्यातलं साधारण निम्मं परत बॅटरीत येतं. यात एक गोम आहे. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. तुमचा घाट साठेक किलोमीटर गेल्यावर येतो, त्यामुळे तुम्हाला अडचण नाही. पण पाचगणीत रात्रभर पूर्ण भरून सकाळी लगेच पसरणी घाट उतरायला लागलेला माणूस पहिल्या वळणालाच चमकतो, कारण पेडलवरून पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, ती ओळखीची ओढच नसते. माझ्या पाहुण्याचं असं झालं होतं. ब्रेक होतेच, पण घाबरायचं ते घाबरला.

म्हणून माहेरी फोन करा आणि विचारा, अंगणाजवळ १५ अँपिअरचा प्लग आहे का, त्याला अर्थिंग आहे का. मिक्सरचा प्लग चालणार नाही. गीझरला असतो तो मोठ्या तीन पिनांचा हवा. तो असेल तर रात्रभरात गाडी भरते आणि हा प्रवास काळजीचा उरत नाही. नसेल तर गाडी घ्यायच्या आधी वायरमन बोलवा. तीन-चार हजारांत काम होईल. अकरा लाखांच्या गाडीचा निकाल या चार हजारांवर आहे.

आता गाड्यांकडे वळू. कॉमेट मला मनापासून आवडते, गंमत वाटते तिची. लांबी तीन मीटरच्या आत, म्हणजे नॅनोपेक्षाही आखूड. पुण्याच्या पेठांत राहणाऱ्याने डोळे मिटून घ्यावी. पण दोनच दारं, चाकं बारा इंची, मागे माणसं बसली की सामान ठेवायला जागा नाही, आणि वाटेत थांबून डीसी चार्जरवर पटकन भरायची सोय नाही. दोन मुलं आणि कुंभार्ली? नको.

ई-सी३ ची बॅटरी २९.२ युनिटांची, यादीत चांगली मोठी. डिकीही मोठी. मिस्टरांचं चुकलेलं नाही. पण ग्लोबल एनकॅपने २०२४ मध्ये ती आपटून बघितली तेव्हा प्रौढांच्या सुरक्षेला शून्य तारे मिळाले आणि मुलांच्या सुरक्षेला एक. तुमच्या पत्रात दोन मुलं आहेत, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

उरल्या दोन टाटा. पंच ईव्हीला भारत एनकॅपचे पाच तारे आहेत, गाडी जमिनीपासून उंच, १९० मिलिमीटर. टियागोचे चार तारे २०२० चे, पेट्रोलच्या गाडीला मिळालेले आणि तेव्हाच्या नियमांचे, हे शोरूमवाला सांगणार नाही. पाटणकडचा रस्ता पावसाळ्यात कसा असतो ते मला तुम्ही सांगायला नको. किमती दर दोन-तीन महिन्यांनी हलतात, म्हणून दोन्हींची ऑन-रोड कोटेशनं एकाच दिवशी घ्या. तुमच्या जागी मी असते तर छोट्या बॅटरीच्या पंचवर गेले असते. तिच्या कोटेशनने बजेट मोडलं तर मोठ्या बॅटरीची टियागो, आणि हिशेब बिघडला म्हणून रडायचं नाही. ३५ युनिटांची पंच मात्र तुमच्यासाठी नाकापेक्षा मोती जड. रोज ६२ किलोमीटरसाठी ती जास्तीची दहा युनिटं नुसती वाहून न्यायची आणि त्यांचा हप्ता भरायचा.

खर्चाचंही बघून टाकू. शाळेचे २३० दिवस आणि माहेरच्या खेपा धरून वर्षाला साडेसोळा हजार किलोमीटर. भिंतीतल्या प्लगपासून मोजलं तर युनिटाला सात किलोमीटरच धरा, कारण चार्ज होताना दहाएक टक्के वीज उष्णतेत जाते. महिन्याला दोनशे युनिटं. तुमच्या घराचे आत्ता सव्वाशेच्या आसपास असतील, तर मिळून तीनशेच्या थोडं वर जाल, आणि ते वरचे वीस-पंचवीस युनिटं पुढच्या स्लॅबच्या महाग दराने लागतील. वहन आकार, वीज शुल्क सगळं धरून किलोमीटरला दोन रुपये पडतील. ब्रोशरमध्ये एक रुपया लिहिलेला असतो. तो एक रुपया कुणाच्या बिलावर आहे, ते मला अजून सापडायचंय. तरीही पेट्रोलचे सहा रुपये आणि हे दोन. वर्षाला साठ-सत्तर हजार वाचतात.

घर स्वतःचं आहे, तर छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवायचंही बघा. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान आहे. दिवसाला बारा युनिटांच्या आसपास तयार होतात, पावसाळा सोडून. गाडीचं आणि घराचं जवळपास भागतं.

आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती फेरी मारून संपवू नका. गाडी शाळेपर्यंत न्या आणि आणा. निघताना किती टक्के होते, परत आल्यावर किती, तेवढंच लिहून ठेवा. स्क्रीनवरचा 'उरलेले किलोमीटर' हा आकडा बघूच नका. तो आधीच्या ड्रायव्हरच्या पायावर ठरलेला असतो.

*

मी बँकेतून निवृत्त आहे. नाशिकला राहतो. गाडी पाच लाखांत आणि बॅटरीचे किलोमीटरप्रमाणे पैसे, अशी योजना आहे म्हणतात. एमजी विंडसर या पद्धतीने ९.९९ लाखांत सांगितली. महिन्याला माझे चारशे किलोमीटर होतात. बरी वाटते. तुमचं मत?
— एक ज्येष्ठ नागरिक, नाशिक

साहेब, तुम्ही आयुष्यभर लोकांना कर्जाचे कागद नीट वाचायला सांगितले असणार. आता स्वतः वाचा.

सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर आली तेव्हाचे आकडे घेऊ. बॅटरीशिवाय ९.९९ लाख आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये. बॅटरीसकट १३.५० लाख. म्हणजे बॅटरीचे साडेतीन लाख तुम्ही आज न देता फिरत फिरत देणार. साडेतीन लाखाला साडेतीन रुपयांनी भागा, एक लाख किलोमीटर. महिन्याला चारशेच्या हिशेबाने तुम्हाला वीस वर्षं लागतील. इथवर ऐकलं तर योजना तुमच्या फायद्याची वाटते ना?

पण खाली बारीक अक्षरात दरमहा किमान १५०० किलोमीटरचे पैसे होते. तुम्ही चारशे फिरा नाहीतर गाडी झाकून ठेवा, ५,२५० रुपये द्यायचेच. ते चारशे किलोमीटरवर वाटले तर किलोमीटरला तेरा रुपये पडले. वीज वेगळीच. तेरा रुपयांत नाशिकमध्ये रिक्षा हात दाखवायच्या आधी थांबते.

ही योजना रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरणाऱ्यासाठी आहे आणि त्याच्यासाठी वाईट नाही. कॉमेटला त्याच वेळी ४.९९ लाख आणि किलोमीटरला अडीच रुपये होते. तिथेही किमान किलोमीटर किती, ते पैसे पुरवणाऱ्या कंपनीवर ठरतं. त्या करारात तीन गोष्टी शोधा : किमान किलोमीटर किती, किती वर्षं बांधील, आणि मधेच गाडी विकायची झाली तर बॅटरीचं काय. तिसऱ्याचं उत्तर सेल्समनने तोंडी दिलं तर त्याला म्हणा, "लिहून दे बाळा."

चारशे किलोमीटरसाठी आता आहे तीच गाडी चालवा, साहेब.

*

डोंबिवलीत सोसायटीत राहतो. पार्किंग माझ्या नावावर आहे, पण मीटरची खोली दुसऱ्या टोकाला. तिथून पार्किंगपर्यंत वायरीचा मार्ग चाळीस मीटर होतो. कमिटी म्हणते आग लागेल. गाडी बुक करू की आधी भांडू?
— एक संगणक अभियंता, डोंबिवली (पूर्व)

आधी भांडा, दादा. म्हणजे भांडू नका, पण गाडी नंतर.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घराच्या आहे त्या जोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करायला मोकळीक आहे. पण हा कागद कमिटीच्या तोंडावर मारलात तर पुढची दहा वर्षं तुमच्या पार्किंगमध्ये कुणाची तरी सायकल आडवी असेल. कमिटीच्या 'आग लागेल'मध्ये तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. वाईट वायरिंगला आग लागतेच, गाडी असो वा नसो. तेव्हा त्यांना चांगलं वायरिंग दाखवा.

पहिलं, वायर. १५ अँपिअर आठ-नऊ तास सलग वाहणार. गीझर वीस मिनिटांत बंद होतो, इस्त्री मधेमधे कट होते, पण घरातलं दुसरं कुठलंच उपकरण इतका वेळ इतका करंट ओढत नाही. चाळीस मीटर जायचं आणि चाळीस यायचं, असा ऐंशी मीटरचा प्रवास. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत साधारण नऊ व्होल्ट वाटेतच पडतात आणि एका मोठ्या बल्बइतकी, म्हणजे सव्वाशे वॅटच्या वर, उष्णता सगळी रात्र वायरीत मुरत राहते. म्हणून चार चौरस मिलिमीटरची घाला. फरक थोड्या हजारांचा. पाइपातून न्या, आणि त्याच पाइपात इंटरनेटची, सीसीटीव्हीची केबल कोंबू देऊ नका.

दुसरं, मीटरजवळ स्वतंत्र एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच, आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा. तिसरं, अर्थिंग. जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनची वायर भिंतीत कुठेतरी संपलेली असते आणि इतकी वर्षं कुणाला पत्ताच नसतो. फ्रिजला चालतं. गाडीच्या चार्जरला चालत नाही. तो आधी अर्थ तपासतो आणि मिळाली नाही तर लाल दिवा लावून गप्प बसतो. लोक चार्जर बिघडला म्हणून सर्व्हिस सेंटरला पळतात.

चौथं, मंजूर भार. बिलावर छापलेला असतो. एक किलोवॅट असेल आणि घरात एसी असेल तर वाढवून घ्या. ७.२ किलोवॅटच्या चार्जरच्या नादी लागू नका, तुम्हाला त्याची गरज नाही. तो ३२ अँपिअर खातो. मग चाळीस मीटरची सगळी कहाणी दुप्पट महाग.

आता माझी फजिती सांगते, कारण कमिटीला तुमच्यापेक्षा ती जास्त पटेल. वीज खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या बाईने घरी काय केलं असेल? वायर नवीन टाकली, एमसीबी नवीन टाकला, आणि सॉकेट मात्र गॅरेजमधला जुनाच ठेवला, वीस वर्षांचा. "चांगला तर आहे," असं माझंच वाक्य. तिसऱ्या आठवड्यात रात्री अकराला पाणी प्यायला उठले तर वास. बेकलाइटचा तो वास मी हजारात ओळखेन. सॉकेट तपकिरी झालेला, पिनांभोवती फुगलेला. आतली पट्टी सैल होती, टेकायची तेवढीच टेकत होती. नवरा काही बोलला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी तो जळका सॉकेट धुऊन-पुसून टीव्हीच्या शोकेसमध्ये ठेवला, माझ्या निवृत्तीच्या मानचिन्हाशेजारी. अजून तिथेच आहे.

तर सॉकेट नवा, औद्योगिक प्रकारचा घ्या. आणि पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल. हात मागे घ्यावासा वाटला तर बंद करा.

*

दिवसाला वीस किलोमीटर, बारामतीत गावातल्या गावात. सेल्समन म्हणतो कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची आयकर सवलत आहे, इलेक्ट्रिकच घ्या.
— एक औषधविक्रेते, बारामती

ती सवलत होती. कलम ८० ईईबी. पण ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच. तुमचा सेल्समन जुन्या पाठांतरावर आहे.

वर्षाला सहा हजार किलोमीटर, किलोमीटरला चार रुपये वाचले तर चोवीस हजार. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा अडीच-तीन लाख जास्त मोजले, तर ते फिटायला दहा-बारा वर्षं. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवरचा ५ टक्के होता तसाच राहिला, म्हणजे दोघींतलं अंतर पूर्वीपेक्षा वाढलंय. सीएनजीशी तुलना केलीत तर पैसे फिटायला आणखीच वर्षं लागतील. पैशासाठी घेऊ नका. आवाज नाही, गिअर नाही, सकाळी पंपावर रांग नाही, यासाठी घेणार असाल तर घ्या. ते सुख मी रोज घेते आणि त्याचा हिशेब मांडत नाही.

*

टोल माफ आहे ना?
— पुण्याहून एक वाचक

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू, या तिन्हींवर राज्याच्या २०२५ च्या धोरणाप्रमाणे इलेक्ट्रिक मोटारींना माफ. आमच्या बाजूला तासवडे आणि किणीला नाही, कारण तो राष्ट्रीय महामार्ग. गाडीची हिरवी नंबरप्लेट बघून नाक्यावरचा पोरगा सोडून देईल अशा आशेने मी एकदा काच खाली केली होती. फास्टॅगमधून पैसे केव्हाच गेले होते.

*

तीन वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक गाडी स्वस्तात मिळतेय, २४ युनिटांची. बॅटरी किती उरलीय हे कसं ओळखायचं? मेकॅनिकला बोनेट उघडून काही कळत नाही.
— एक दूध संकलक, कागल

बोनेट उघडून मलाही कळणार नाही. पण तुम्ही दूध मोजता, तुम्हाला हे लगेच समजेल. कॅनमध्ये किती मावतं हे बघायचं तर भरून बघायचं.

बाजारात प्लगला लावायचा छोटा युनिट-मीटर मिळतो. १५ अँपिअरचा मागून घ्या, हलका घेऊ नका. गाडी मालकाकडे पूर्ण भरायला सांगा. मग चालवून बरोबर ४० टक्क्यांवर आणा. आता त्या मीटरमधून परत शंभरपर्यंत भरा. ६० टक्के भरायचे, म्हणजे बॅटरी नवी असती तर आत १४.४ युनिटं गेली असती, आणि वाटेतली घट धरून मीटरने सोळा-साडेसोळा दाखवले असते. पंधरा दाखवले तर ठीक, वय झालंय तेवढं. तेरा दाखवले तर आत साडेअकराच गेले, म्हणजे २४ च्या कॅनमध्ये आता १९ च मावतात. किंमत त्याप्रमाणे पाडा, किंवा चहा पिऊन निघा.

या परीक्षेला एक रात्र लागते. मालक रात्र द्यायला तयार नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

बाकी कागद बघा. बहुतेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात, पण ती दुसऱ्या मालकाला पूर्ण मिळते की कमी होऊन, ते त्या त्या गाडीच्या वॉरंटी पुस्तकात वाचा. सर्व्हिसिंग बाहेर केलेलं असेल तर कंपनी हात वर करू शकते. नंबरप्लेट हिरवी, अक्षरं पांढरी म्हणजे खासगी. अक्षरं पिवळी असतील किंवा नंतर पांढरी झाल्याची नोंद असेल तर ती टॅक्सी होती. दिवसातून दोनदा डीसी चार्जरवर घाईने भरून बॅटरी दमवलेली असू शकते. तिच्याकडून मीटरची परीक्षा दोनदा घ्या.

विम्याचा एक छोटा फायदा सांगते. थर्ड पार्टी हप्त्यावर इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट आहे. जुन्या गाडीलाही आहे. एजंट विसरतो.

आणि हो, मीटर लावायच्या आधी त्यांच्या गोठ्यातल्या नाहीतर गॅरेजमधल्या त्या सॉकेटकडे एकदा टॉर्च मारून बघा. तपकिरी असेल तर माझा नवरा शोकेसमध्ये जागा करून ठेवील.